हूं म्हणणारं कुणी नसताना

आमच्याकडं गोष्ट सांगताना एक रीत होती, काही घरांत अजूनही आहे, की ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. आज्जी एक वाक्य बोलायची आणि थांबायची, अंधारातून हूं यायचा, मग ती पुढचं वाक्य घ्यायची. हूं आला नाही तर गोष्ट पुढं सरकायचीच नाही. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं कौलारू घर, सोप्यात ओळीनं अंथरुणं घातलेली, आम्ही सगळी चुलतभावंडं वाकळेत शिरलेली, आणि सुरुवातीला सगळ्यांचे हूं एकदम, मोठ्यानं, चढाओढ लावल्यासारखे. मग हळूहळू एकेक गळत जायचा. शेवटी एखादाच राहायचा आणि तोसुद्धा उशिरानं, ओढून आणल्यासारखा. आज्जीला त्या हूंवरून सगळं कळायचं. कोण टक्क जागं आहे, कोण अर्धवट झोपेत आहे, कुणाला भीती वाटायला लागलीय. त्याप्रमाणं ती आवाज खाली आणायची, नाहीतर राजाला उगीचच अजून एका गावातनं चालवत न्यायची, आणि शेवटचा हूं बंद झाला की गोष्ट जिथं असेल तिथं सोडून उठायची. कितीतरी गोष्टींचा शेवट मला मोठी झाल्यावरच कळला.

मी लहान मुलांसाठी झोपेच्या गोष्टींचा पॉडकास्ट करते. तीन ते सहा वर्षांची मुलं, दहा-बारा मिनिटांचा भाग, माझा एकटीचा आवाज, बाकी काही नाही. आणि हे काम करताना मला रोज जाणवणारी गोष्ट ही की मला तो हूं ऐकू येत नाही. मी माईकपुढं बोलते, ऐकणारं मूल वडगावात असेल, निपाणीत असेल, नाहीतर आईबाबांबरोबर बेंगळुरूला गेलेलं असेल, ते जागं आहे की झोपलं, कुशीवर वळलं की उठून बसलं, मला कळायला काहीच मार्ग नाही. मग गोष्टच अशी बांधावी लागते की हूं नसतानासुद्धा ती चुकीच्या ठिकाणी मुलाला धक्का देणार नाही, आणि मूल कुठल्याही वाक्यावर झोपलं तरी त्याचं काही राहून गेलं असं होणार नाही. माझं सगळं डोकं याच्यातच जातं, विषय कुठला घ्यायचा इथपासून पंखा बंद करायचा का इथपर्यंत.

सुरुवात पॉडकास्ट म्हणून झालीच नव्हती. माझी धाकटी बहीण नर्स आहे, तिला नाइट ड्युटी असते. तिचे मिस्टर गोव्यात कामाला, शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या बसनं जातात, आपल्या भागातल्या किती घरांचं असंच आहे. भाची, आम्ही तिला चिमी म्हणतो, ती अशा रात्री तिच्या आज्जीजवळ झोपते. आज्जी दिवसभर राबलेली असते, ती चिमीच्या आधी झोपते. मग चिमीच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर ती रंगीबेरंगी किंचाळणारी कार्टून्स, अकरा-साडेअकरापर्यंत. बहीण एकदा रडवेली होऊन म्हणाली, "तू तरी काहीतरी पाठव गे, तुझा आवाज ऐकून झोपंल ती." म्हणून मी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवायला लागले. पुढं बहिणीच्या वॉर्डातल्या बाकीच्या नर्सबायकांनी मागितले, त्यांच्या नणंदा-जावांनी मागितले, आणि सगळ्यांना एकेक पाठवत बसण्यापेक्षा एका जागी ठेवलेलं बरं म्हणून पॉडकास्ट सुरू झाला.

आता गोष्टी कुठल्या, तर हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आपल्याकडच्या पारंपरिक गोष्टी मला जिवापाड आवडतात, पण त्यातल्या बऱ्याच झोपेच्या नाहीतच. त्या तिन्हीसांजेच्या आहेत, देवापुढं दिवा लागला, जेवायला अजून वेळ आहे, पोरं दंगा करताहेत, तेव्हा त्यांना एका जागी बसवायच्या. भोपळ्यातली म्हातारी घ्या. वाटेत वाघ आहे, कोल्हा आहे, म्हातारी त्यांना फसवून जाते आणि परत येताना भोपळा टुणुक टुणुक उड्या मारतो. ते ऐकताना मूल स्वतःच गादीवर उड्या मारायला लागतं, आणि मारणारच, गोष्ट त्यासाठीच आहे! चिमणीकावळ्याच्या गोष्टीत बाहेर धो धो पाऊस आणि चिमणी दार उघडत नाही. मोठ्यांना ती गंमत वाटते, पण चार वर्षांच्या मुलाला अंधारात पडल्या पडल्या ते दार न उघडणं फार लागतं. शेजारच्या एका मुलाला मी याच गोष्टीवर रडताना बघितलंय, कावळ्याला आत घ्या म्हणून.

गोष्टीला पुढं ढकलणारं इंजिन म्हणजे 'मग काय झालं?' आणि झोपेच्या गोष्टीतनं नेमकं तेच काढून घ्यावं लागतं, तरी गोष्ट उरली पाहिजे. कुणी संकटात नाही, कुणाला कुठं वेळेत पोचायचं नाही, काही हरवलेलं नाही. मग उरतं काय? तर उरतं बघणं. एक गोष्ट नीट, सावकाश, शेवटपर्यंत बघत राहणं. आणि ती गोष्ट मुलाच्या ओळखीची पाहिजे, या मताला मी अगदी घट्ट धरून आहे. अनोळखी गोष्ट आली की मुलाचं डोकं कामाला लागतं, ते कसं असतं, केवढं असतं, मला चावेल काय. बर्फाचा डोंगर, पेंग्विन, किल्ल्यातली राजकन्या हे सगळं दिवसा सांगा, खुशाल सांगा, चित्रं दाखवून सांगा. रात्री मात्र मुलानं दिवसभर जे बघितलंय तेच परत एकदा, थोडं हळू करून त्याच्यापुढं ठेवायचं.

म्हणून माझी सगळ्यात जास्त ऐकली जाणारी गोष्ट म्हणजे लोंढ्याहून निघालेली पॅसेंजर. तिच्यात काहीही घडत नाही. लोंढ्याला गाडी सुटते, बाहेर झाडं आहेत, झाडांत अंधार आहे. गुंजीला थांबते, एक मामा उतरतात, त्यांच्या पिशवीत काकड्या आहेत. गाडी निघते. खानापूरला थांबते, एक आज्जी चढतात, खिडकीजवळ बसतात, पदर डोक्यावर घेतात. गाडी निघते. देसूरला थांबते, कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही, गाडी जरा वेळ उभी राहते आणि निघते. मग बेळगाव जवळ येतं आणि इथं मला आपल्या गावानं आयती देणगी दिलीय, कारण खानापूरकडनं येताना टिळकवाडीची रेल्वे गेटं उलटी लागतात. आधी तिसरं गेट, मग दुसरं गेट, मग पहिलं गेट, मग स्टेशन. तीन, दोन, एक! इथल्या प्रत्येक मुलानं कधी ना कधी गेट पडल्यावर बाबांच्या गाडीवर पुढं बसून डबे मोजलेले असतात. तिसऱ्या गेटवर आता पूल झालाय, पण लोक तिसरं गेटच म्हणतात आणि गोष्टीतही ते तसंच आहे. काही मुलं देसूरच्या आतच झोपतात असं त्यांच्या आया सांगतात. जी राहतात त्यांच्यासाठी मी गाडी पुढं सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा अशी नेते आणि प्रत्येक स्टेशनावर आवाज थोडा थोडा कमी करत जाते.

दुसरी गोष्ट खानापूरच्या कुंभाराची. खानापूरची माती मडक्यांना आणि कौलांना चांगली, तिथं कुंभारकामाचं शिक्षण देणारी संस्थासुद्धा आहे. ही गोष्ट लिहायच्या आधी मी एका कुंभारमामांच्या अंगणात जाऊन नुसती बसले होते. ते बोलत नव्हते आणि मीही बोलले नाही. चाकाच्या मधोमध मातीचा गोळा. मामांनी बोटं पाण्यात बुडवली, गोळ्यावर ठेवली, गोळा आधी डगमगत होता तो फिरता फिरता मधे आला आणि स्थिर झाला, म्हणजे फिरतोय पण हलत नाही असा. मग अंगठा मधोमध हळूच दाबला, खळगा पडला, खळगा रुंद झाला, कडा आपोआप वर चढत आल्यासारख्या चढल्या. पुन्हा बोटं पाण्यात. मग एक ओला दोरा बुडाखालनं ओढला आणि मडकं उचलून बाजूला ठेवलं, इतक्या सावकाश की खाली टेकताना आवाज झाला नाही. थोडी सुकलेली मडकी घेऊन मामा ती लाकडी थापीनं थापटत होते, थप, थप, थप, आतनं हातात दगडाचा गोल गोळा धरलेला. मी ते सगळं जसंच्या तसं गोष्टीत घेतलंय. आणि एक गंमत अशी झाली की ती थापटण्याची जागा आली की शेजारी आडवी झालेली आई किंवा आज्जी नकळत त्याच तालात मुलाला थोपटायला लागते, हे मला बऱ्याच जणींनी सांगितलं. मला याचा किती आनंद झाला सांगू! कारण माझा आवाज तिथं फक्त निमित्त झाला, मुलाला झोपवलं त्या हातानं.

तर हूंचं काय, ते सांगते. मी बोलताना प्रत्येक वाक्यानंतर हूंची जागा रिकामी सोडते. म्हणजे नुसता पॉज नाही, मी मनातल्या मनात तो हूं ऐकते आणि मग पुढचं वाक्य घेते. आधी जागा छोटी, कारण मूल जागं असतं, त्याचा हूं पटकन येणार. मग मोठी. शेवटच्या तीन-चार मिनिटांत दोन वाक्यांमधे एवढी जागा असते की दिवसा ऐकणाऱ्याला वाटावं नेट अडकलं. साधं बोलताना आपण मिनिटाला जेवढे शब्द बोलतो त्यापेक्षा बरेच कमी, मी साधारण शंभराच्या आसपास ठेवते आणि शेवटाला साठ-सत्तरवर येते. घड्याळ लावून मोजत बसत नाही, पण लिहिलेल्या शब्दांवरून आणि झालेल्या मिनिटांवरून कळतं.

प्रश्न मी अजिबात विचारत नाही. आपल्या मराठी बालकार्यक्रमांची एक सवय आहे, 'सांगा बघू कोण आलं?', 'तुम्हाला काय वाटतं बालमित्रांनो?' असं सारखं विचारायचं. वर्गात ते ठीक, मुलं जागी राहावीत म्हणूनच ते असतं. पण पांघरुणात गेलेल्या मुलाला प्रश्न विचारला की ते उत्तर द्यायला उठून बसतं. सुरुवातीला 'नमस्कार' नाही, शेवटी 'आवडलं तर शेअर करा' नाही, संगीत नाही. खरं सांगते, मधेच वाजणाऱ्या त्या टिंग टिंग घंटा आणि एकदम मोठ्या आवाजातल्या जाहिराती मुलांच्या झोपेच्या कार्यक्रमात घालणाऱ्यांचा मला राग येतो. मोठं माणूस दचकलं तर परत झोपतं, मूल दचकलं की घरातली आख्खी रात्र जाते आणि सकाळी त्या आईला सातच्या बसला पळायचं असतं.

भाषेचंही सांगायलाच पाहिजे. लहानपणी आमच्या घरी आकाशवाणी सांगली लागायची, तिथलं मराठी स्वच्छ, घोटीव, मला अजून आवडतं. पण चिमीच्या कानावर पडणारं मराठी ते नाही. ती "मावशी, गोष्ट सांगुलीस काय?" असं विचारते, तिची आज्जी तिला "ये गे बाळ, हिकडं ये" म्हणते, दारातल्या कानडी अज्जींशी ती मधेच कानडीत बोलून परत मराठीत येते, आणि सकाळी शाळेच्या व्हॅनमधे इंग्लिश राइम्स म्हणत जाते. एवढ्या सगळ्यात झोपेची भाषा कुठली? जिच्यात तिला रागवतात, भरवतात आणि कुरवाळतात तीच. म्हणून गोष्टीतली माणसं आपल्यासारखी बोलतात, 'पाणी दे की', 'बस की जरा', 'कुठं चाललास रे' असं. आमच्याकडची पोरं शाळेत गेली की आपलं बोलणं गावंढळ आहे असं त्यांना फार लवकर कळवलं जातं, कुणी ना कुणी हसतंच. निदान झोपताना कानात येणारा आवाज तरी त्यांच्या घरातला असावा असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे आमच्या आतल्या खोलीतलं कपाट. दोन्ही दारं उघडी ठेवायची, आत साड्या-कपडे लटकलेले, पाठीमागं दोरीवर दोन वाकळा टाकायच्या आणि मधे आपली जागा करायची. कापडात आवाज मुरतो, भिंतीवर आपटून परत येत नाही, त्यामुळं खोलीचा घुमारा जातो. माईक तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरायचा, नाहीतर प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत थेट आत जातो आणि ऐकणाऱ्याच्या कानात धप्प असा आवाज येतो. आणि 'भ' शिवाय मराठी गोष्ट कशी होणार, भात, भाकरी, भोपळा सगळं त्यातच! ऑडॅसिटीवर एडिट करते, ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सुरुवातीला काही सेकंद काहीच न बोलता खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेवायचा, म्हणजे त्याच्यावरून सॉफ्टवेअरला खरखर ओळखून कमी करता येते. पण तीही थोडीच कमी करायची. फार साफ केलं की आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा होतो. माझे श्वास मी काढत नाही, ते काढले की आवाज माणसाचा राहत नाही.

मग आवाजाची पातळी. पॉडकास्टसाठी स्टिरिओला -१६ एलयूएफएस आणि मोनोला -१९ एलयूएफएस अशी सर्वसाधारण पातळी लोक धरतात, एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप. मी मोनो ठेवते, एकट्या आवाजाला दोन कानांचं काय काम, आणि उशीजवळ एकच फोन असतो. मोनो आणि ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली की १२ मिनिटांचा भाग पावणेसहा एमबीच्या आसपास बसतो. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात रेंज येते-जाते, तिथं एवढी लहान फाइल दिवसा कधीतरी उतरवून ठेवता येते आणि रात्री अडकत नाही. आणि भाग संपल्यावर ॲप आपोआप पुढचा भाग सुरू करतं, तेव्हा आयांना मी सांगत असते की स्लीप टायमर लावा, 'एंड ऑफ एपिसोड' असा पर्याय बहुतेक ॲपमध्ये असतो, आणि फोन पालथा ठेवा.

शांतता म्हणजे काय हे मला बहिणीच्या गल्लीत कळलं. वडगाव-खासबागेत यंत्रमाग आहेत, साड्या विणतात, भिंतीला भिंत लागून घरं, आणि रात्रीसुद्धा कुठल्यातरी घरात माग चालू असतोच. खटाखट खटाखट, एका लयीत. पाहुणा आला तर त्याला डोळ्याला डोळा लागत नाही. पण तिथली मुलं त्या आवाजात ढाराढूर झोपतात, आणि रात्री करंट गेला, माग एकदम थांबले की पटापट जागी होतात! गल्लीतनं एकेका घरातनं रडण्याचा आवाज यायला लागतो. म्हणजे मुलाला आवाज उठवत नाही, बदल उठवतो. हे लक्षात आल्यापासून मी भाग एकदम संपवत नाही. शेवटचं वाक्य झाल्यावर खोलीचा तोच मंद आवाज तसाच थोडा वेळ राहू देते आणि मग अगदी सावकाश शून्यावर नेते. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, बेळगावचा जुलै म्हणजे पत्र्यावर दिवसरात्र पाऊस, कपाटातही ऐकू येतो. मग त्या दिवसांत पाऊसच गोष्टीत घेते, येळ्ळूरच्या शिवारातलं भात, बांधावरनं वाहणारं पाणी, बेडूक, आणि मागं राजहंसगड ढगात. येळ्ळूरचा बासमती इतका वासाचा की कुकर लावला की शेजारच्या घरात कळायचं, आता तो पेरणारे कमी झालेत, पण गोष्टीतली आज्जी बासमतीच लावते.

माग चालू असलेल्या घरातल्या कानडी अज्जींनी मला एक फार मोलाचं सांगितलं. चिमीबरोबर त्याही ऐकत होत्या, मराठी त्यांना सगळं कळतं. म्हणाल्या, "तू चांगलं सांगतेस, पण लांब बसून सांगतेस." तेवढंच. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मग मी उभं राहून, खुर्चीत ताठ बसून बोलणं सोडलं आणि कपाटाजवळ चटई टाकून कुशीवर आडवी होऊन बोलायला लागले, तोंडाजवळ माईक, कुणीतरी शेजारी झोपलंय असं धरून. आडवं पडून बोललं की आवाज छातीतनं येतो, वाक्यं आपोआप लहान होतात, आणि कुणाला काही शिकवायचा सूर येतच नाही.

झोपेचं शास्त्र मी गरजेपुरतं वाचलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप हवी आणि बसून स्क्रीन बघणं दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको असं आहे. रात्री डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडानं मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक कमी होतं, म्हणजे शरीराला रात्र झालीय हे कळायला उशीर होतो. म्हणून माझी गोष्ट व्हिडिओवर नाही, चित्रं घाल म्हणून कितीजण मागं लागले तरी नाही. आणि २००९ मध्ये 'स्लीप' या जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास मला फार पटतो, त्यात ४०५ आया आणि त्यांची लहान बाळं होती. रोज तोच क्रम, आंघोळ, मालिश, मग शांत काहीतरी आणि दिवा बंद, एवढंच काही आयांना करायला सांगितलं होतं आणि दोनच आठवड्यांत मुलांची झोप सुधारली, आयांची मनःस्थितीही सुधारली. आपल्या आज्ज्या बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन, पाळण्यात घालून अंगाई म्हणायच्या, तो क्रम तरी दुसरा कुठला होता? त्यात गोष्ट हा शेवटचा भाग आहे. नुसती माझी गोष्ट लावली, बाहेर टीव्हीवर मालिका चालू आणि मुलाचं जेवण अजून व्हायचंय, तर काही होणार नाही. हे मी प्रत्येक आईला सांगते, आणि बाबांनासुद्धा, तेही ऐकताहेत आता.

म्हणूनच तोच भाग रोज लावा असंही मी सांगते. नवीन भाग कधी, नवीन भाग कधी, असं मोठी माणसं विचारतात, मुलं नाही. मुलाला तीच पॅसेंजर हवी असते, त्याच मामांच्या पिशवीत त्याच काकड्या. पुढं काय येणार हे माहीत असलं की जागं राहून राखण करायची गरज उरत नाही. त्यामुळं मी भाग कमीच काढते आणि एकेक भाग लिहायला वेळ घेते.

सध्या मलप्रभेवर काम चालू आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ नदीचा उगम, तिथनं ती खानापूरला येते, पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, मग पट्टदकल्ल, ऐहोळे आणि शेवटी कुडलसंगमाला कृष्णेत मिळते, ३०४ किलोमीटर. झोपेसाठी नदीपेक्षा चांगला विषय नाही, ती कुठंच परत फिरत नाही आणि तिला घाईही नाही. पण अडचण अशी की आपल्या मुलांना ती खानापूरच्या पुलापर्यंतच माहीत, फार तर यल्लम्माला जाताना सौंदत्तीचं पाणी बघितलेलं. तिथनं पुढची गावं त्यांना परकी. मग त्या कानडी अज्जींनाच विचारलं, त्यांचं माहेर तिकडचं. त्यांनी मला काळी माती सांगितली, ज्वारीची उभी शेतं सांगितली, चुलीसमोर बसून भाकरी बडवणाऱ्या बायका सांगितल्या. भाकरीच्या आवाजावर मी नदी धरणाच्या पलीकडं नेणार आहे, तो आवाज इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे.

मधे बहिणीला सलग सुट्टी मिळाली तेव्हा मी तिला कपाटापुढं आडवी केली आणि म्हटलं तू सांग. ती लाजली, "मला नाही गे येत तुझ्यासारखं" म्हणाली, मग चिमीच्या बाळपणाचंच सांगायला लागली, ती कशी पाळण्यात पाय वर करायची, पहिल्यांदा कुंदा चाटवला तेव्हा कसं तोंड केलं, रात्री ड्युटीवर असताना आई वॉर्डातल्या खिडकीतनं आपल्या गल्लीच्या बाजूला कशी बघते. भराभर बोलते ती, मधेच हसते, एका ठिकाणी बाहेर स्कूटरचा हॉर्न आहे. माझ्या एकाही नियमात न बसणारा भाग, आणि चिमीला नाइट ड्युटीच्या रात्री आता तोच लागतो, लोंढ्याची पॅसेंजर तिनं बाजूला ठेवलीय. मी त्यातला हॉर्नसुद्धा कापला नाही, फक्त आवाजाची पातळी नीट करून दिली. आता बहिणीच्या वॉर्डातल्या आणखी दोघीजणी आपापल्या मुलांसाठी असंच करून मागताहेत, येत्या रविवारी त्या येणार आहेत. त्या फाइल्स पॉडकास्टवर सगळ्यांसाठी जाणार नाहीत, ज्या मुलाची आहे त्याच्याच घरच्या फोनवर राहतील.